डेटा पाहिजे का?

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणिताचे. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून विसरण्याबद्दल बोलायचं म्हणजे जरा धारिष्ट्यच. तरी विषय मुद्दाम निवडला आहे. स्वतःच्याच फोनचा पासकोड विसरला आणि फोन लॉक होऊन बसला, तर पुढे काय? आत जायची वाट आहे का? असली तर कोणती, आणि नसली तर का नाही?

हा विषय व्यासपीठाचा नाही, मोबाईलच्या दुकानाचा आहे, असं कुणाला वाटेल. मग दुकानापासूनच सुरुवात करू. गिऱ्हाईक लॉक झालेला फोन काउंटरवर ठेवतं. दुरुस्ती करणारा फोन उलटसुलट करून बघतो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘डेटा पाहिजे का?’ ‘नको’ म्हटलं तर तो फोन ठेवून घेतो. फॉरमॅट मारायचा, सॉफ्टवेअर टाकायचं, संध्याकाळी न्यायचा. ‘पाहिजे’ म्हटलं तर तो फोन परत सरकवतो आणि म्हणतो, ‘मग नाही होणार.’ गिऱ्हाइकाला वाटतं, याला जमत नाही, आणि ते पुढच्या दुकानात जातं. खरं तर पहिल्यानंच खरं सांगितलेलं असतं. तो खरं का बोलतो, ते तसंच असणं आपल्या हिताचं का आहे, आणि त्या प्रश्नापाशी अडकायची वेळ येऊ नये म्हणून काय करावं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

विसरणाऱ्याची बाजू

आधी विसरणाऱ्याची बाजू घेते. घरात असं झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘साधे सहा आकडे लक्षात राहत नाहीत?’ मागोमाग जुन्या पिढीच्या पाठांतराचे दाखले. पण पाठांतर टिकायचं कशावर? मोठ्यानं म्हणण्यावर, दुसऱ्यानं ऐकण्यावर, चुकलं की शेजारच्यानं टोकण्यावर. संध्याकाळचा परवचा घरभर ऐकू जायचा. पासकोड मात्र मोठ्यानं म्हणायला बंदी. तो कुणी ऐकायचा नाही, कुणी तपासायचा नाही. पाठांतराचे सगळे आधार काढून घ्यायचे आणि वर पाठ का नाही म्हणून विचारायचं, हा न्याय नव्हे.

आकडे किती असावेत, हेही एकदा माणसाच्या स्मरणशक्तीनंच ठरवलं होतं. शिलाँगमध्ये १९२५ साली जन्मलेल्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचं पैसे देणारं यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनमधल्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेत सुरू झालं. गुप्त क्रमांकाच्या पेटंटचा मान स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांचा. पण चार आकड्यांची हकिकत शेफर्ड-बॅरन यांनी स्वतः सांगितलेली आहे. आपल्या लष्करी क्रमांकावरून त्यांच्या मनात सहा आकडे होते. स्वयंपाकघरात बायकोशी बोलणं झालं. कॅरोलाइनबाई म्हणाल्या, माझ्या चारच लक्षात राहतील. चार ठरले.

पुढे २०१५ मध्ये आयफोननं आयओएस ९ ही नवी कार्यप्रणाली आणताना नव्या पासकोडसाठी सहा आकडे हा पायंडा पाडला. दहा हजार शक्यता होत्या, त्या दहा लाख झाल्या. चोराचं काम शंभरपट वाढलं आणि मालकाच्या डोक्यावर दोन आकड्यांचं ओझं आलं. हे ओझं माणसं कसं टाळतात, तेही पाहा. निक बेरी या अभ्यासकानं २०१२ मध्ये फुटलेल्या पासवर्डांच्या याद्यांमधले सुमारे ३४ लाख चार आकडी क्रमांक तपासले. त्यातले जवळजवळ ११ टक्के एकच निघाले, १२३४. म्हणजे आपल्याला सोपा तोच चोरालाही सोपा, आणि चोराला अवघड तो आपल्यालाही अवघड. या दोन टोकांच्या मधली जागा फार अरुंद आहे.

त्यात २०१३ पासून आयफोनवर आणि नंतर जवळजवळ सगळ्याच फोनांवर बोटाचा ठसा आला, मग चेहरा आला. आकडे दाबायचं कामच उरलं नाही. जे रोज म्हणायचं नाही ते विसरायला होणारच. म्हणून फोन अधूनमधून ठसा नाकारतो आणि आकडे मागतो. अँड्रॉइड साधारण ७२ तासांतून एकदा मागतं. आयफोन बंद करून चालू केल्यावर मागतो, ४८ तास उघडला नाही तरी मागतो. आपल्याला ती कटकट वाटते, पण तीच आपली उरलेली एकमेव उजळणी आहे.

विसरलेला आकडा कधीकधी बोटांना माहीत असतो. हे मी समजूत घालायला सांगत नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूवर १९५३ मध्ये अपस्माराच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याला नव्या गोष्टी लक्षात राहणं थांबलं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघत चांदणीची आकृती गिरवायला लावली. तीन दिवस तो गिरवत होता. हे आपण आधी कधी केलंय, याची त्याला काही आठवण नव्हती. हात मात्र दिवसेंदिवस सफाईनं चालत होता. हाताची स्मृती वेगळ्या खात्यात जमा होते. तेव्हा आकडा आठवेना की आठवण्याचा हट्ट सोडा. दुसऱ्या एखाद्या फोनचा डायलपॅड उघडा, नेहमीच्या हातात धरा, नेहमीसारखे बसा, कुणाशी तरी गप्पा मारत अंगठ्याला जायचं तिकडे जाऊ द्या. कॅल्क्युलेटर घेऊ नका. त्यात सात-आठ-नऊ वरच्या ओळीत असतात, हात फसतो. खऱ्या फोनवर मात्र हे प्रयोग नकोत. का, ते आता सांगते.

कुलपाच्या आत

आपली अशी समजूत असते की आपण टाकलेला आकडा फोन आपल्याकडच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि जुळला तर दार उघडतो. तसं असतं तर हुशार कारागिराला ते ताडून पाहणंच वगळता आलं असतं. काही वर्षांपूर्वी बऱ्याच फोनांवर थोडंफार तसंच होतं. अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या फोनांवर पॅटर्न अनेकदा चुकला की ‘पॅटर्न विसरलात?’ असा पर्याय यायचा, आणि गूगल खात्याचा पासवर्ड देऊन आत जाता यायचं. ‘दुकानदार उघडून देतो’ ही आपली श्रद्धा त्या काळातली आहे. श्रद्धा टिकली, फोन बदलले.

आताच्या फोनमधला सगळा मजकूर, फोटो, निरोप, आवाज हे सांकेतिक रूपात ठेवलेलं असतं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना हे एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. आयफोनवर २०१४ च्या आयओएस ८ पासून जवळजवळ सगळा खासगी मजकूर पासकोडशी बांधला गेला आणि तेव्हाच तो बनवणाऱ्या ॲपल कंपनीनं जाहीर केलं की आता तो आम्हालाही उघडता येत नाही. हा मजकूर वाचायची किल्ली दोन गोष्टी मिळून तयार होते. एक तुमचा पासकोड. दुसरी, फोनच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली एक प्रचंड मोठी संख्या, जी त्या एकाच फोनची असते आणि बनवणाऱ्या कंपनीकडेही तिची नोंद नसते. बँकेतला लॉकर आठवा. एक किल्ली तुमच्याकडे, एक बँकेकडे, दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. फरक एवढाच की तुमची किल्ली हरवली तर बँक तुमच्यासमोर माणूस बोलावून लॉकर फोडते आणि आतलं सोनं जसंच्या तसं हाती येतं. फोन फोडला तर आत सापडतो तो अर्थ नसलेला आकड्यांचा ढीग. मेमरीची चिप काढून दुसरीकडे बसवली तरी तेच, कारण दुसरी किल्ली पहिल्या चिपमध्येच राहिली.

आता थोडं गणित. गुरुजींना आवडलं असतं. ॲपलच्या सुरक्षाविषयक दस्तऐवजात दिलं आहे की एक पासकोड तपासायला चिपला मुद्दाम सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी योजना केलेली आहे. चार आकडी पासकोडाच्या दहा हजार शक्यता तपासायला ८०० सेकंद, म्हणजे साडेतेरा मिनिटांच्या आतच. सहा आकडी दहा लाख शक्यतांना ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास. एका दिवसात कुठलाही सहा आकडी फोन उघडला पाहिजे. तो उघडत नाही, कारण फोन तुम्हाला थांबवतो. सुरुवातीच्या काही चुका तो गप्प बसून सोसतो. नंतर १ मिनिट थांबा, ५ मिनिटं थांबा, १५ मिनिटं, १ तास. आयफोनवर दहावी चूक झाली की पासकोडानं उघडायचा मार्गच बंद, आणि तशी सोय चालू केली असेल तर सगळा मजकूरही पुसला जातो. अँड्रॉइडवरही थांबण्याचा काळ असाच वाढत जातो. तुमचं रक्षण आकड्यांपेक्षा हे थांबवणंच जास्त करतं. म्हणून दिसेल तो आकडा मारत सुटणं म्हणजे आपल्याच हातानं आपली संधी खर्च करणं.

आणि ‘फॉरमॅट मारला’ म्हणजे नेमकं काय होतं? सगळा मजकूर खरवडून काढायची गरजच नसते. फोन ती किल्ली नष्ट करतो. मजकूर तिथल्या तिथे असतो, पण तो वाचणारं जगात काही उरत नाही. म्हणून ‘रीसेट झालेल्या फोनमधले फोटो परत काढून देतो’ असं कुणी आजच्या फोनबद्दल सांगितलं, तर पैसे खिशातच ठेवा. ‘डेटा न जाता लॉक काढा’ म्हणून विकली जाणारी बहुतेक सॉफ्टवेअरं शेवटी तोच रीसेट करतात, जो तुम्हाला फुकट करता आला असता.

सॅन बर्नार्डिनोचा फोन

सामान्य माणसाचं सोडा, सरकारला तरी हे कुलूप उघडतं का? २ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथं एका जोडप्यानं गोळीबार करून १४ जणांचे प्राण घेतले. हल्लेखोर सय्यद रिझवान फारूक जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला होता. त्याच्याकडचा आयफोन ५सी खात्यानं दिलेला होता. म्हणजे फोनचा कायदेशीर मालक जिवंत होता, तपासाला राजी होता, फक्त पासकोड जाणणारा माणूस मेला होता. अगदी टोकाची, पण आपल्याच विषयातली अडचण.

१६ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायालयानं ॲपलला आदेश दिला. आदेशातली मागणी नीट ऐका. फोन उघडून द्या, असं कुणी म्हटलंच नाही. त्यात म्हटलं होतं की असं सॉफ्टवेअर बनवून द्या, ज्यात दहा चुकांनंतर पुसणं नसेल आणि चुकांमधलं थांबणं नसेल. बाकीचं एफबीआय ही अमेरिकेची तपास यंत्रणा बघून घेईल. मघाचं गणित इथं लावा, म्हणजे हे का मागितलं ते कळेल. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की असं सॉफ्टवेअर एकदा जन्माला आलं की ते एकाच फोनपुरतं राहणार नाही. खटला निकालापर्यंत गेलाच नाही. २८ मार्चला सरकारनं सांगितलं की बाहेरच्या मदतीनं फोन उघडला आहे, आणि आदेशाची मागणी मागे घेतली. त्यासाठी ९ लाख डॉलर मोजल्याचं सिनेटर डायन फाइन्स्टाइन यांच्या तोंडून २०१७ मध्ये बाहेर आलं.

आपल्या कामाची गोष्ट मात्र त्याआधीच घडून गेली होती. हल्ल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत तपास यंत्रणेच्या सांगण्यावरून जिल्हा प्रशासनानं त्या फोनच्या इंटरनेटवरच्या साठ्याचा, म्हणजे आयक्लाउड खात्याचा, पासवर्ड बदलला. हेतू चांगला होता, खात्यात लवकर शिरायचा. पण त्यामुळे लॉक असलेल्या फोनला नवा पासवर्ड माहीत नाही, अशी स्थिती झाली. एरवी तो फोन ओळखीच्या वायफायजवळ नेऊन चार्जिंगला लावला असता, तर त्यानं आपला बॅकअप आपणहून वर पाठवला असता, अशी आशा होती. तो रस्ता बंद झाला. एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हे मान्य केलं. एवढी मोठी तपास यंत्रणा जिथं घाईनं अडकली, तिथं आपण आणखी थोडं सावकाश गेलेलं बरं.

पहिल्या तासात

म्हणून क्रमानं सांगते.

पासकोड आठवत नाही, पण ठसा किंवा चेहरा अजून चालतोय, अशी वेळ पुष्कळांवर येते. तेव्हा हायसं वाटतं आणि माणूस तसाच दिवस ढकलतो. तसं करू नका. बॅटरी संपू देऊ नका, फोन बंद करून चालू करू नका. पुन्हा चालू झालेला फोन ठसा मानत नाही. आत आहात तोवर फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपचा बॅकअप, सगळं खात्यावर चढवा. अँड्रॉइड असेल तर संगणकावर किंवा मेमरी कार्डावर उतरवून घ्या. ते झालं की फोन पुसला गेला तरी बिघडत नाही.

ठसाही चालत नसेल तर फोन चार्जरला लावा, घरच्या वायफायच्या टप्प्यात ठेवा आणि हात लावू नका. आपोआप बॅकअपची सोय चालू असेल आणि शेवटचा उघडल्यानंतर फोन बंद झालेला नसेल, तर तो मागे राहिलेला मजकूर वर पाठवत राहतो. खात्याचा पासवर्ड बदलायची घाई नको. पासकोड नुकताच बदलला असेल आणि आयफोनवर आयओएस १७ किंवा पुढचं असेल, तर बदलल्यापासून ७२ तास जुना पासकोड वापरून नवा ठेवता येतो. आदल्या रात्री बदलून सकाळी विसरणाऱ्यांची कंपनीनं एवढी तरी दखल घेतली आहे.

मग दुसऱ्या संगणकावर बसून काय काय आधीच वर आहे ते पाहा. बहुतेकांना इथं सुखद धक्का बसतो: संपर्क आहेत, फोटो आहेत. कुणाला दुसरा धक्का बसतो. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आयक्लाउडची ५ जीबी. ती भरली की बॅकअप थांबतो, आणि थांबल्याची सूचना आपण कित्येक महिने बाजूला सारत आलेलो असतो. खात्यात शिरताना खातं म्हणेल, तुमच्या फोनवर आलेली सूचना मान्य करा, आणि तो फोन तर लॉक! घाबरू नका. सिमकार्ड काढून साध्या फोनमध्ये घाला. एसएमएसनं येणारा ओटीपी तिथं येईल. ई-सिम असेल तर कंपनीच्या दुकानात जावं लागेल. यूपीआयचे पैसे फोनमध्ये नसतात, बँकेत असतात. नव्या फोनवर त्याच सिमनं नोंदणी केली की खातं परत दिसतं. डिजिलॉकरमधली कागदपत्रंही फोनच्या पोटात नसतात. खरा धोका असतो तो जे फक्त फोनमध्ये आहे त्याला: वडिलांचा आवाज, नातीचे फोटो, कुठंच न उतरवलेली हिशेबाची नोंद.

एवढं तपासून झाल्यावरच पुसायचं. आयफोन आयओएस १५.२ किंवा पुढचा असेल आणि नेटला जोडलेला असेल तर लॉकच्या पडद्यावरूनच खात्याचा पासवर्ड देऊन पुसता येतो. नाहीतर संगणकाला जोडून. अँड्रॉइड दुसरीकडून गूगलच्या खात्यावरून किंवा बटणं दाबून रिकव्हरीत नेऊन पुसता येतो. तरी काम संपलं नाही. पुसलेला फोन विचारतो, आधीचं खातं कोणतं? आयफोनवर हे २०१३ पासून आहे, अँड्रॉइडवर २०१५ पासून. आपले दुकानदार त्याला ‘एफआरपी लॉक’ म्हणतात. खातं आठवत नसेल तर फोन विटेसारखा पडून राहतो. आयफोनच्या बाबतीत खरेदीची मूळ पावती दाखवून कंपनीकडे अर्ज करता येतो. म्हणून बिल जपा.

इथं आपल्याकडची एक खास अडचण सांगायला हवी. ज्येष्ठांचा फोन पुष्कळदा मुलानं पुण्याहून किंवा परदेशातून आणून दिलेला असतो, आणि त्यात खातं मुलाचं. किंवा दुकानातल्या पोरानं तिथल्या तिथं नवं जीमेल उघडून फोन चालू करून दिलेला असतो, आणि त्याचा पासवर्ड पोरालाही आठवत नाही. फोन आपला, पण कागदावर खातेदार दुसराच कुणी. पासकोड विसरेपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी किल्ली कंपनीकडे का नको

आता तुमच्या मनातला प्रश्न. मी आधार कार्ड दाखवतो, बिल दाखवतो, मीच मालक आहे. मग कंपनीनं माझ्यासाठी एक जादा किल्ली का ठेवू नये?

जादा किल्ली ठेवतात अशी एक जागा आहे. सिमकार्डाचा पिन तीनदा चुकला की सिम अडतं, आणि मोबाईल कंपनी पीयूके क्रमांक सांगून ते सोडवते. दहा वेळा पीयूकेही चुकला तर सिम मेलं. दुसरं सिम मिळतं आणि नंबर तोच राहतो. तिथं हे चालतं, कारण सिममध्ये नंबराखेरीज तुमचं फारसं काही नसतं. फोनमध्ये तुमचं सगळं असतं.

विसरलेला मालक आणि चोर यांच्यात फोनला दिसेल असा एकही फरक नाही. दोघांकडे फोन आहे, दोघांकडे आकडा नाही, दोघंही म्हणतात हा माझा. हा फरक कागद पाहून कुणा माणसानं ठरवायचा, तर तो कागद बनवता येतो, त्या माणसाला फितवता येतं, धमकावता येतं. जादा किल्ली असती तर तिच्या दारापाशी पहिली रांग विसरलेल्या आजोबांची नसती. ती असती चोराची, संशयी नवऱ्याची, पत्रकाराच्या मागावर असलेल्या सत्तेची. पुसलेला फोनही मूळ खात्याशिवाय चालत नाही, ही अट किती कामाची ठरली, ते आकड्यांत दिसलं. आयफोनवर ती आल्यानंतरच्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: मालकाच्या विनवणीनं उघडणारं कुलूप कुणाच्याही विनवणीनं उघडतं. म्हणून विसरल्यावर आत जायची सोय विसरल्यानंतर करता येत नाही; ती विसरण्याआधी करावी लागते. आणि ती कंपनीनं नव्हे, आपण करायची असते.

आधीची सोय

ही सोय अवघड नाही. पासकोड कागदावर लिहा. ‘कुठंही लिहू नका’ हा उपदेश वर्षानुवर्षं झाला, पण घरात बसलेल्या ज्येष्ठ माणसाला हॅकरपेक्षा विसराळूपणाचा धोका मोठा. सातबारा, मुदत ठेवीच्या पावत्या, मृत्युपत्र जिथं ठेवता तिथं तो कागद ठेवा. फोनच्या कव्हरात ठेवू नका, आणि यूपीआयचा पिन त्यावर लिहू नका. फोनमध्ये कोणतं खातं आहे आणि त्याचा पासवर्ड काय, तेही त्यावरच लिहा. गूगल दहा राखीव संकेतांक देतं, प्रत्येक आठ आकडी, एकदाच वापरायचा. ते छापून जोडा. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला २०२१ पासून स्वतःचा वेगळा पासवर्ड लावता येतो. लावला असेल तर तोही लिहा, कारण तो विसरलात तर व्हॉट्सॲपही तुम्हाला तो परत देऊ शकत नाही.

हा कागद घरातल्यांना दाखवावा का? बहुतेक घरांत हो, एकाला. पण ज्या घरात बाईचा फोन तिच्या मर्जीविरुद्ध तपासला जातो, तिथं हा सल्ला घातक आहे. तिनं कागद मैत्रिणीकडे द्यावा. आयफोनवर खातं परत मिळवायला मदत करणारा विश्वासू माणूस आधी नेमून ठेवता येतो. तो घरचाच असला पाहिजे असं नाही.

आणि आपल्यामागे काय? ॲपलनं २०२१ च्या डिसेंबरपासून वारसदार संपर्क नेमायची सोय दिली, पाच जणांपर्यंत. मृत्यूनंतर त्या माणसाला दिलेली किल्ली आणि मृत्यूचा दाखला दाखवून खात्यावरचा मजकूर मिळतो. फोनचा पासकोड तरीही मिळत नाही, म्हणजे बॅकअप नसेल तर वारसाच्या हाती रिकामा फोन. गूगलची अशीच सोय २०१३ पासून आहे. खातं ठरावीक महिने निपचित राहिलं की तुम्ही नेमलेल्या माणसांना मजकूर मिळतो. आपण नॉमिनी बँकेत लावतो, विम्यात लावतो. आयुष्यभराचे फोटो ज्या खात्यात आहेत तिथं मात्र लावत नाही.

शेवटी ग्रंथालयाला एक विनंती. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं, अवजारं, वह्या-पुस्तकं पुजतात. हल्ली त्या पाटावर फोनही असतो. यंदा नवमीच्या आदल्या दिवशी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात दोन टेबलं मांडा. गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यांना बोलवा, कॉलेजातली चार मुलं बसवा. ज्यांना हवं त्यांनी फोन घेऊन यावं आणि चार गोष्टी तपासून घ्याव्यात: फोनमधलं खातं खरंच माझं आहे का, शेवटचा बॅकअप कधी झाला, राखीव संकेतांक छापले आहेत का, नॉमिनी नेमला आहे का. पासकोड मात्र मुलांना सांगू नये. तो ज्यानं त्यानं घरी जाऊन कागदावर लिहावा. अडचणीत सापडलेल्या फोनवर जे दुकानदार काहीही करू शकत नाहीत, तेच त्या दिवशी अर्ध्या तासात पुष्कळ काही करू शकतील, कारण त्या दिवशी फोन उघडा असेल. तेव्हा त्यांनी विचारलं, ‘डेटा पाहिजे का?’ तर बेलाशक हो म्हणा.